शेवंती आता मानशीपर्यंत एकटी जाते

आमच्या घरापासून मानशीपर्यंतचं अंतर सव्वा किलोमीटर. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, कोरगावच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घातलेला असतो आणि त्या बांधात पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारं असतात, ती मानस. माणसाला तिथवर चालत जायला पंधरा मिनिटं पुरतात. आमच्या शेवंतीला, सोबत दुसरा घोडा नसताना, तिथवर जाऊन शांतपणे परतायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत काय केलं, काय चुकलं, ते इथं लिहिते. कुणाकडे असं फाटकातच अडणारं तट्टू असेल, तर त्याच्या पाठीवर काठी पडण्याआधी हे वाचलं जावं एवढीच इच्छा आहे.

शेवंती भीमथडीची. धनगरांच्या वाड्यातून आली तेव्हा पाच वर्षांची होती, आता सात. घोड्यांच्या मापातला हात चार इंचांचा. त्या मापानं ती 13 हात भरते, म्हणजे पाठीच्या उंचवट्यापाशी 52 इंच. भीमथडी तट्टं फार काटक. धनगर वाटेला लागले की संसाराचं ओझं, कोकरं, कधी कोंबड्याही यांच्याच पाठीवर. पण ती वाट कधी एकट्याची नसते. पुढं मेंढरं, बाजूला कुत्री, मागं बायामाणसं, शेजारी आणखी तट्टं. शेवंतीनं जन्मल्यापासून एक पाऊलही एकटीनं टाकलं नव्हतं. आमचा काळू, सोळा वर्षांचा म्हातारा घोडा, तो पुढं असला की ती ओहोळात उतरायची, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढायची, एसटी शेजारून गेली तरी कान हलवायची नाही. काळूला बांधून ठेवलं की फाटकापाशी चारी पाय रोवून उभी, आणि खिंकाळणं असं की शेजारच्या वाड्यावरून माणसं विचारायला यायची.

याला लोक हट्ट म्हणतात. मी म्हणत नाही. कळपात एक जनावर चरत असतं तेव्हा दुसरं राखण करत असतं. एकटं पडलं की चरायचंही आपणच आणि राखणही आपलीच, मग ते राखणच करत राहतं: मान ताठ, कान टवकारलेले, पाऊल पुढं पडत नाही. म्हणून तिला एकटेपणाची सवय लावणं हे माझं काम नव्हतंच. राखणीचं काम तिच्याकडून काढून मी माझ्याकडे घ्यायचं होतं, आणि ते मी नीट करते आहे याची तिला खात्री पटवायची होती.

पहिल्यांदा दुखणं शोधा. यात मी दोन महिने फुकट घालवले, म्हणून हे आधी लिहिते. कळपासोबत चालताना घोडा बरंच दुखणं सोसून नेतो. एकटा असला की तेच दुखणं त्याला थांबायला पुरतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत, बोटांनी हळूहळू दाबत जा. शेवंतीच्या डाव्या बाजूला एका जागी कातडी थरथरली आणि तिनं पाठ खाली दडपली. माझं खोगीर तिथं टेकत होतं. ते काळूच्या पाठीचं माप, हिच्या रुंद पाठीला बसेल कसं? तीन आठवडे खोगीर घातलंच नाही, आणि नंतर दुसरं आणलं. डॉक्टरांना बोलावून दात दाखवले. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला लागतात, मग तोंडातली कडी ओढली की अंगात कळ जाते. वर्षातून एकदा तरी दात बघून घ्यायलाच हवेत. खुरंही बघा. आपल्या पावसात चार महिने जमीन ओली. खुराच्या मधल्या भेगेतून कुजका वास आला, काळं ओलं काही निघालं, तर आधी ते बरं करा. नालबंद गावात नसेल तर बाहेरून बोलवावा लागतो, पण सहा आठवड्यांवर ताणू नका. आणि वजन: बसणारा अधिक खोगीर मिळून तट्टाच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. शेवंती अंदाजे 270 किलोची, मी 47, खोगीर 6. म्हणजे मी अगदी काठावर आहे. माझ्या नवऱ्याला मी तिच्यावर बसू देत नाही.

मग घरातच विरह शिकवायचा. मी ऑक्टोबरात, भातकापणी उरकल्यावर सुरू केलं. शेवंतीपुढं ओलं गवत टाकायचं आणि काळूला मांगरामागं, म्हणजे शेतातल्या खोपीमागं, न्यायचं, तिला दिसणार नाही पण वास येईल इतकंच. दोन मिनिटं. ती मान वर करून बघायची, पुन्हा गवतात तोंड घालायची. ती गवत खात असतानाच काळूला परत आणायचं. ती ओरडायला लागल्यावर आणलं तर ओरडल्यानं काळू येतो एवढंच तिच्या डोक्यात बसेल. एक जुनी वही केली आणि रोजची मिनिटं लिहिली. दोन, तीन, दोन, पाच, एक, सहा. रोज वाढवत नेऊ नका. मध्येच एखादा दिवस अगदी छोटा ठेवा, म्हणजे आज किती वेळ लागेल याची धास्ती तिला राहत नाही. वीस मिनिटांपर्यंत पोचायला आम्हाला अठरा दिवस लागले. दोन्ही बाजूंनी करा: कधी काळू जाईल, कधी शेवंती. मागं राहणाऱ्याचं रडणं जाणाऱ्याला ओढतं. आमच्याकडे काळूचाच गोंधळ जास्त होता, त्याच्यापुढं वैरणीची जाळी टांगली तेव्हा तो गप्प झाला.

आता पायी चालणं. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. खोगीर नाही, मांड नाही. मोरखी (तोंडाभोवती बांधायची, कडी नसलेली), साडेतीन मीटरचा सुती दोर, हातमोजे, पायात बंद बूट. दोर हाताभोवती कधीच गुंडाळायचा नाही. घडी घालून धरायचा, म्हणजे ती उसळली तर हात अडकत नाही. तिच्या खांद्यापाशी चालायचं. पुढं होऊन ओढलं की ती मागं ओढणार, आणि त्या रस्सीखेचीत 270 किलो जिंकणार.

प्रत्येक तट्टाची एक हद्द असते. तिथपर्यंत ते बरोबर येतं, त्यापुढं त्याचं अंग बदलतं. शेवंतीची पहिली हद्द होती वड, फाटकापासून शंभर पावलांवर. हद्द ती थांबते तिथं नसते, बरीच अलीकडे असते. आधी नाकपुड्या रुंदावतात, मान दोन बोटं वर जाते, डोळ्याचा पांढरा काठ दिसायला लागतो, खांद्याचा स्नायू हाताला लाकडासारखा लागतो, पावलं आखडतात. एवढं दिसलं की थांबा. तिनं सांगायच्या आधी तुम्ही थांबलात, याचीच तिच्याकडे नोंद होते. उभं राहा, श्वास लांब सोडा, तिला चरू द्या. मान खाली आली, नाकातून फुर्र केलं, शेपूट सैल हलली, की आणखी पाच पावलं. पाच म्हणजे पाचच. आणि तिथून, ती शांत असतानाच, वळून घरी.

वळायचं तुम्ही ठरवायचं, तिनं नव्हे. ती घाबरून वळली आणि तुम्ही घरी आलात, तर उद्या ती दहा पावलं अलीकडे वळेल. म्हणूनच मी म्हणते, लवकर परता. लाज वाटते, माणूस म्हणतो, आज तर इतकी छान चालली, अजून थोडं जाऊ. तो मोह आवरा. माझ्या वहीत बारा दिवस नुसतं 'वडापर्यंत' लिहिलेलं आहे, आणि तेराव्या दिवशी एकदम 'तळीपर्यंत'.

शंका आली तर नाडी मोजा. जबड्याच्या खालच्या काठाला आतून एक शीर दोरीसारखी हाताला लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. मोठ्या घोड्याची स्वस्थ असताना मिनिटाला साधारण 28 ते 44, तट्टांची किंचित जास्त. घरी निवांत असताना चार-पाच वेळा मोजून तिचा स्वतःचा आकडा काढून ठेवा. शेवंतीचा 40 असायचा. वडापाशी ती दिसायला अगदी शांत होती त्या दिवशी 64 लागले, आणि मी परतले. पाय रोवून गप्प उभं असलेलं जनावर शांतच असेल असं नाही, हे मला त्या आकड्यानं शिकवलं.

पायी मानशीपर्यंत जाऊन यायला आम्हाला डिसेंबर लागला. त्यानंतर लांब लगाम. सात-सात मीटरचे दोन दोर, कडीला बांधून रिकिबींतून मागं आणायचे आणि तिच्या मागं, लाथेच्या टप्प्याबाहेर, किंचित एका बाजूला चालायचं. आता तिच्या डोळ्यांपुढं कुणी नाही. वाट पहिल्यांदा तिलाच बघायची आहे, पण मागून तुमचा आवाज आणि हात आहेत. पाठीवर कुणी असण्याच्या भीतीशिवाय पुढं होण्याचा धीर इथंच येतो. हे मात्र कुणाकडून तरी अंगणात शिकून घ्या. दोर पायांत गुंतला तर मोठा अपघात होतो. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून अगदी पाठीमागं जाऊ नका आणि बोलत राहा. मी पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा मला आता झोपेतही येतो.

मग मांड. पहिले आठ दिवस माझी पुतणी मनू, बारा वर्षांची, माझ्या शेजारून चालायची. शेवंतीला तिचा लळा. रोज ती थोडी मागं राहायची: आधी खांद्यापाशी, मग रिकिबीपाशी, मग शेपटीपासून दहा पावलं. नवव्या दिवशी ती मेरेवर, शेताच्या बांधावर, बसून राहिली आणि आम्ही पुढं गेलो. शेवंतीनं एकदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. मागून मनूचा आवाज, "काकी, थांबू नको, जा!" आणि शेवंती गेली.

इथं माझी मोठी चूक सांगते. जानेवारीत दोन ओळखीचे स्वार आले, सड्यावर फेरी मारू म्हणाले. मला वाटलं, सोबत मिळाली तर तिचा धीर वाढेल. सड्यावरच्या मोकळ्या जागी त्यांनी घोडे चौखूर सोडले, मला न विचारता, आणि शेवंती मागं राहिली. ती वेडीपिशी झाली. दोन उड्या मारल्या, मी पडले, आणि ती जांभ्याच्या धारदार चिऱ्यांवरून घराकडे सुटली. गुडघा फुटला तिचा. माझ्या खांद्यामुळे मला पंधरा दिवस हात वर करता येत नव्हता. त्यानंतर ती पुन्हा फाटकात अडली. पुन्हा वही, पुन्हा वड, पुन्हा पाच पावलं. मात्र या वेळी सहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत झालं, म्हणजे आधीचं सगळं पुसलं गेलं नव्हतं. सोबतीनं जायचं असेल तर आधी बोलून घ्या: सगळ्यांनी चालीनंच जायचं, आळीपाळीनं पुढं व्हायचं. नंतर फाट्यावर एकानं उजवीकडून, एकानं डावीकडून जाऊन दोनशे पावलांवर पुन्हा भेटायचं. हा फाट्याचा खेळ फार उपयोगी आहे. दुरावलेला सोबती पुन्हा भेटतो, हे तिला डोळ्यांनी दिसतं.

गेलात त्याच वाटेनं परत येऊ नका, जमेल तिथं गोल फेरी करा. मागं वळलं की घर, हे समीकरण तिच्या डोक्यात बसलं की प्रत्येक वळणावर ती ओढणार. घराकडची वाट नेहमी चालीनं, कधीही दुडकी नाही. फाटक आलं की आत न शिरता पन्नास पावलं पुढं जा, मग परता. आल्या आल्या दाणा देऊ नका. खोगीर उतरवा, खरारा करा, अर्ध्या तासानं द्या. दाण्याच्या ओढीनं घराकडे धावणारं तट्टू बाहेर शांत राहत नाही.

आपल्याकडे बुजायला कारणं पुष्कळ. आश्चर्य म्हणजे मोठे आवाज नव्हेत. जानेवारी 2023 पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडतात, त्यातली काही आमच्या डोक्यावरून जातात. शेवंती वर बघतसुद्धा नाही. पण मेरेवरची रिकामी खताची पिशवी वाऱ्यानं हलली की ती आडवी होते. झुडपातून मोर फडफडत उठला की माझाच जीव वर येतो, तिचं काय सांगू. मानशीच्या दारांतून भरतीचं पाणी घुसतं तेव्हा होणारा घुबघुब आवाज तिला पंधरा दिवस पचला नाही, म्हणून आम्ही ओहोटीच्या वेळी जायला लागलो, दारं गप्प असताना. मग हळूहळू भरतीकडे सरकलो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं जाते, तेव्हा रोज सकाळी त्याच वेळी निघालात तरी मानस आपोआप बदलत जाते.

बुजली तर त्या वस्तूकडे तिचं तोंड जबरदस्तीनं वळवून टाच मारू नका. लांबून बघू द्या. वस्तू तिच्या एका बाजूला राहील असं तिरकं जा, आणि तुमची स्वतःची नजर वस्तूवर नको, वाटेवर ठेवा. जाताना बघितलेली पिशवी येताना दुसऱ्या बाजूनं तिला नवीच वाटते, तेव्हा पुन्हा तेवढाच धीर धरा. उन्हातून आंब्याच्या गर्द सावलीत शिरताना ती थबकली तर रागावू नका. घोड्याच्या डोळ्यांना उजेडातून अंधारात यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दहा श्वास थांबलं की पुरतं.

हलणाऱ्या वस्तूंसाठी एक युक्ती आमच्या पोदेरामुळे, म्हणजे पाववाल्यामुळे, कळली. पहाटे सायकलवर पावाची टोपली घेऊन तो भोंगा वाजवत यायचा, आणि शेवंती पुढून येणारा तो भोंगा ऐकून मागच्या मागं फिरायची. एकदा त्याला विनवलं, बाबा, थोडा पुढं पुढं जा, आम्ही तुझ्या मागून येतो. तो हळूहळू चालवत गेला, अधूनमधून भोंगा वाजवत, आणि शेवंती कान टवकारून त्याच्या मागं. आपल्यापासून दूर जाणाऱ्या वस्तूचा पाठलाग करताना घोड्याला धीर चढतो. चौथ्या दिवशी तिचं नाक टोपलीला लागत होतं. स्कूटर, ढकलगाडी, छत्री, सगळ्यांना हीच रीत लावली. शिगम्याच्या ढोल-ताशांना मात्र नाही. सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणी होते, कमरेला लाकडी घोडा बांधून माणसं तलवारी परजत नाचतात. मला तो नाच लहानपणापासून जिवाभावाचा. पण खऱ्या घोड्याला त्या गर्दीत नेणं अन्याय आहे. शिगमा आणि चतुर्थीच्या फटाक्यांचे दिवस आम्ही घरीच राहतो, तबेल्यात काळूच्या शेजारी.

समुद्रावर जायचं सगळ्यांच्या मनात असतं. घाई करू नका. पायाखाली सरकणारं पाणी बघून धीट घोड्यालाही भोवळल्यासारखं होतं. आणि मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून कासवं अंडी घालायला येतात. तिथं घोडा नेऊच नये.

वेळ सकाळी सहा ते आठ. दहानंतर आपल्या दमट उन्हात घाम वाळत नाही, जनावर तापतं आणि तापलेलं जनावर चिडतं. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माशा असतात, त्यांच्यामुळे सर्रा नावाचा जीवघेणा ताप पसरतो. शेवंती सुस्त झाली, ताप चढ-उतार करायला लागला, पाय सुजले, तर शिकवणी बंद आणि डॉक्टर.

डोक्यावर हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, नेहमी. फोन अंगावर, खोगिराला अडकवलेला नको; तुम्ही पडलात की फोन तिच्यासोबत घरी जाईल. खोगिराला मात्र फोन नंबरची पट्टी शिवून ठेवा. निघताना वाट घरी सांगून जा. मी फळ्यावर लिहिते, आबा घड्याळ बघून बसतात. आणि उतरावंसं वाटलं की उतरा. पाठीवरून उतरून शेजारी चालणं म्हणजे हरणं, असं मला एकानं शिकवलं होतं. ते मी सोडून दिलं. मी उतरले की शेवंतीची मान खाली येते. त्याहून मोठं प्रमाण मला नको.

मनू विचारते, मला एकटीला कधी सोडशील? तिला सांगितलंय, शेवंती माझ्यासोबत तीस वेळा मानशीपर्यंत निवांत गेली, की मग तुझी पाळी, आणि पहिले दहा दिवस मी मागून सायकलवर. वहीत काल सव्विसावी नोंद झाली: '41 मिनिटं. वडाखाली नाही थांबली. तळीपाशी एकदा खिंकाळली, घरून काळू बोलला नाही. कान मागं घेतला, माझा आवाज ऐकला, चालत राहिली. मानशीवर चरली.'